दिवाळीचा अभ्रा : प्रथमच क्रोशा हाती धरणाऱ्या भगिनींसाठी

(मंडळाच्या भाद्रपदातील मासिक सभेत केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तेव्हा मोठमोठे शब्द मजजवळ नाहीत. परंतु कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही विणता तसेच बोला, एकापुढे एक टाका." म्हणून उभी राहिले आहे. विषय घरगुतीच आहे. दिवाळीत बैठकीवरच्या उशीला क्रोशाच्या नक्षीचा अभ्रा घालावा, आणि तो जिने आजवर क्रोशाची सुई हातात धरलेली नाही तिने करावा, तो कसा, हे सांगावयाचे आहे. शेवटी किमतीबद्दलही थोडे बोलणार आहे. गेल्या दिवाळीत आपल्या विक्रीच्या टेबलापाशी त्यावरून बरीच बोलाबोली झाली आणि तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आहे.

नव्या बाईची पहिली हौस अशी असते की सबंध अभ्राच क्रोशाचा करावा. तसे करू नये. हिशेब सांगते. बारीक दोऱ्याने माझ्या हाताने इंचाला चार घरे बसतात. बैठकीची उशी १६ इंचाची धरली तर एका बाजूला ६४ घरे, आणि सगळी मिळून ४,०९६. एवढे काम अंगावर घेतलेली बाई तुळशीच्या लग्नापर्यंत विणत बसते आणि मग ते गाठोडे कपाटाच्या वरच्या खणात जाते. अशी अर्धवट गाठोडी किती घरांत आहेत ते तुम्हीच आठवून पाहा. त्याऐवजी २१ घरांचा चौकोनी तुकडा विणावा आणि तो कापडाच्या अभ्र्याच्या मध्यावर बसवावा. त्याची घरे होतात ४४१, म्हणजे सबंध अभ्र्याच्या नवव्या हिश्श्याएवढे काम. शोभा मात्र नवव्या हिश्श्याची होत नाही. उलट गडद कापडावर मधोमध पांढरी जाळी अधिक उठून दिसते.

सामान थोडे लागते. २० नंबरचा पांढरा सुती दोरा, एक लहान गुंडी पुरून उरते. सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई. बारीक कात्री. दोऱ्याचा नंबर जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो, आणि सुईचा मिलिमीटरचा आकडा वाढतो तशी सुई जाड होते. हे उलटसुलट आहे, दुकानात गेल्यावर घोटाळा होऊ देऊ नका. रंगीत दोऱ्याचा मोह पहिल्या खेपेला आवरावा. लाल किंवा निळ्या दोऱ्याचे टाके रात्री दिव्याखाली दिसत नाहीत आणि नवख्या डोळ्याला तर मुळीच मोजता येत नाहीत.

गुंडीवर "मर्सराइज्ड" असा शब्द असतो तो पाहून घ्यावा. हे एका माणसाच्या नावावरून आले आहे. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला तेव्हा कापूस मजबूत होतो व रंग चांगला धरतो असे दिसून आले. पुढे १८९० च्या सुमारास, सूत ताणून धरून हीच क्रिया केली तर त्याला रेशमासारखी चमक येते असे दुसऱ्याने शोधून काढले. साध्या शिवणाच्या दोऱ्याने विणले तर जाळी मलूल दिसते, तिला पीळ बसतो आणि धुतल्यावर ती गोळा होते. दहा-वीस रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता टाके. तीन आले की पुरे. पहिला साखळी. सरकगाठ मारून सुईवर घ्यावी, दोरा सुईच्या आकड्यात पकडून फासातून ओढावा, की एक साखळी झाली. दुसरा मुका खांब. टाक्यात सुई घालावी, दोरा ओढून आणावा, सुईवर दोन फास होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढावा. तिसरा खांब, आणि आपले सारे काम त्याच्यावर उभे आहे. प्रथम सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणावा, आता सुईवर तीन फास. दोरा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून. झाला खांब उभा.

ही आपली नावे मी मुद्दाम घेत आहे. हल्ली मुली मोबाईलवर पाहून विणतात. त्यात वाईट काही नाही, हात जवळून दिसतात आणि कंटाळा न करता तेच दहादा दाखवितात. परंतु तेथे "डबल क्रोशे" म्हटले की त्याचे दोन अर्थ असतात. इंग्लंडच्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकेच्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. आपल्याकडे जुन्या नमुन्यांच्या पुस्तकांतून इंग्लंडची पद्धत आली, आणि मोबाईलवर पुष्कळदा अमेरिकेची असते. माझ्या पुतणीने निम्मी जाळी एका पद्धतीने व निम्मी दुसऱ्या पद्धतीने विणली. वरचा अर्धा भाग उंच आणि खालचा बुटका असा तुकडा तयार झाला व ती म्हणू लागली की दोराच खोटा आहे. तेव्हा पाहताना नावाकडे लक्ष देऊ नका, सुईवर वेढा घेतला की नाही ते पाहा, आणि मनात "खांब" किंवा "मुका खांब" असेच म्हणा.

ज्या नमुन्याबद्दल मी बोलते आहे तो जाळीचा आहे. जिला ठिपक्यांची रांगोळी येते तिला यातले निम्मे काम आलेच म्हणून समजा. चौकडीच्या कागदावर चित्र काढावयाचे. जो चौकोन रंगवला ते भरलेले घर, जो कोरा ठेवला ते रिकामे घर. भरलेल्या घरात सगळे खांब. रिकाम्या घरात दोन साखळ्या, आणि बाजूला खांब, जशी खिडकी आणि तिची चौकट. शेजारच्या दोन घरांची भिंत सामाईक असते, चाळीतल्या खोल्यांसारखी. म्हणून दर घरामागे तीन टाके लागतात आणि सगळ्यांत शेवटी भिंतीचा एक जास्त. तीनाचा पाढा आला म्हणजे झाले. एकवीस त्रिक त्रेसष्ट आणि एक चौसष्ट. प्रत्येक ओळीत ६४ टाके भरले पाहिजेत, मग त्यांत कितीक खांब असोत व कितीक साखळ्या असोत.

सुरुवातीला ६६ साखळ्या घालाव्या. दर वीस साखळ्यांपाशी रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा, म्हणजे मध्येच दारावर कोणी आले तरी पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत नाही. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालावा. सोडलेल्या तीन साखळ्यांचाही एक खांब धरावयाचा असतो. मग प्रत्येक साखळीत एकेक खांब घालीत शेवटपर्यंत जावे. मोजून ६४ भरले, की पहिली ओळ झाली आणि पणतीच्या चौकटीचा उंबरठा तयार झाला.

काम पालटावे. दुसरी ओळ: तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, मग पुढच्या तीन खांबांवर तीन खांब, हे कडेचे भरलेले घर. नंतर दोन साखळ्या, खालचे दोन खांब सोडून पुढच्यावर एक खांब, हे रिकामे घर. अशी १९ रिकामी घरे. शेवटी आणखी तीन खांब घालून पलीकडचे कडेचे घर भरावे. तिसरी, चौथी व पाचवी ओळ अशीच, तेथे फक्त साखळ्यांवर साखळ्या व खांबांवर खांब येतात.

सहाव्या ओळीत पणतीची बैठक येते. कडेचे एक घर भरलेले, मग ७ रिकामी, मध्ये ५ भरलेली, पुन्हा ७ रिकामी, आणि कडेचे एक. यापुढे दोन्ही कडांची घरे मी सांगत नाही, ती प्रत्येक ओळीत भरायचीच आहेत. मधली भरलेली घरे तेवढी ऐका. सातव्या ओळीत ९, आठव्या ओळीत ११, नवव्या ओळीत १३, दहाव्या ओळीत १५. येथे पणतीचे काठ झाले. अकराव्या ओळीत मधोमध फक्त १, ती वात. बाराव्या ओळीत ३, तेराव्या व चौदाव्या ओळीत ५, पंधराव्या ओळीत पुन्हा ३, सोळाव्या ओळीत १, ते ज्योतीचे टोक. त्यापुढे चार ओळी रिकाम्या घरांच्या, आणि एकविसावी ओळ पहिलीसारखी सगळी भरलेली. रिकामी घरे दोन्ही अंगांना सारखी वाटून घ्यावी. रिकाम्या घरावर भरलेले घर आले तर साखळ्यांच्या खालच्या पोकळीत सुई घालून दोन खांब घालावे, साखळी टोचीत बसू नये.

पणतीच का, असे कोणी विचारील. एक तर दिवाळी. आणि दुसरे असे की पणतीचे डावे-उजवे अंग सारखे असते. काम दर ओळीला पालटत असल्यामुळे एक ओळ कागदावर उजवीकडून वाचावी लागते व पुढची डावीकडून. मोराचे चित्र किंवा "शुभ दीपावली" अशी अक्षरे घेतली तर हे वाचन सतत ध्यानात ठेवावे लागते. पणतीला त्याची गरजच नाही. अक्षरांची हौस दुसऱ्या अभ्र्याला भागवावी.

चुका कोठे होतात तेही सांगते, कारण त्या ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे ओळीचा शेवटचा खांब. तो खालच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालावयाचा असतो, आणि तेथे खांब असल्याचे नवख्या डोळ्याला दिसतच नाही. तो राहिला की ओळीगणिक एकेक टाका कमी होतो, चौकोनाची पाचर होते. ज्यांचे तुकडे वर निमुळते होतात त्यांनी दुसरे काहीही न शोधता आधी तेथेच पाहावे. दुसरी गोष्ट, पहिली साखळी फार आवळून घातली जाते. मग खालची कड आखडते आणि वरचा भाग फुगतो. साखळीपुरती एक नंबर जाड सुई घ्यावी व खांबांना पुन्हा बारीक घ्यावी. तिसरी गोष्ट घराच्या आकाराची. घर चौकोनी दिसले पाहिजे. ते उभट होत असेल तर खांबाचा पहिला फास फार उंच ओढला जातो आहे. आडवे, बसके होत असेल तर तो जरा वर ओढावा. चार ओळी झाल्या की फूटपट्टी लावून पाहावे, पणती झाल्यावर नव्हे. उसवायला लाजू नये. शिवण उसवले की कापडाला भोके राहतात, क्रोशाचा दोरा मात्र ओढला की सरळ निघून येतो आणि पुन्हा गुंडीवर गुंडाळता येतो. असे सोपे काम बायकांच्या वाट्याला फार थोडे आले आहे.

हात स्वच्छ असावेत हे निराळे सांगायला नको, पण दिवाळीच्या दिवसांत सांगावे लागते. हळदीचा हात आणि चकलीच्या तेलाचा हात पांढऱ्या दोऱ्याला चालत नाही. गुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून दोरा बाहेर काढावा, म्हणजे ती खोलीभर लोळत नाही. पावसाळी हवेत पोलादी सुई गंजते व दोऱ्यावर काळी रेघ उठते. ती कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी.

वेळेचे म्हणाल तर ज्यांनी आज मनावर घेतले त्यांनी घटस्थापनेच्या दिवशी साखळी घालावी. दुसऱ्या दिवसापासून रोज एक ओळ. नवशिक्या हाताला एका ओळीस २५ मिनिटे धरा, दुपारी जेवणे आटोपल्यावर तेवढी निघतात. याप्रमाणे २१ ओळी वद्य सप्तमीला संपतात आणि वसुबारसेपर्यंत धुण्याला, ताणण्याला व शिवण्याला चार-पाच दिवस हाती राहतात. दसरा झाल्यावर सुरू करू म्हणणाऱ्यांना मी आत्ताच सांगते, दसऱ्यानंतर घरात जाळ्याजळमटे निघतात, मग भाजणी, मग अनारशांचे पीठ. क्रोशाला कोणी विचारीत नाही.

विणून झाल्यावर तुकडा वेडावाकडा, चुरगळल्यासारखा दिसतो. येथे पुष्कळ जणींचा विरस होतो. परंतु क्रोशाचे रूप धुतल्यावर येते. प्रथम चारी बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घालावी, कोपऱ्यावर एकाच ठिकाणी तीन घालावे, म्हणजे कोपरा आखडत नाही. मग कोमट साबणाच्या पाण्यात हलकेच धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे. पातळ खळीतून काढावा. जाड चादरीची घडी करून तिच्यावर पेन्सिलीने सव्वापाच इंचाचा चौकोन आखावा आणि तुकडा त्यावर टाचण्यांनी ताणून बसवावा. आधी चार कोपरे, मग चारी बाजूंचे मध्य, मग मधल्या जागा. टाचण्या न गंजणाऱ्या घ्याव्या. रात्रभर वाळू द्यावा. सकाळी उचलला की पणती रांगोळीसारखी रेखीव उमटलेली असते. वापरायचा नसून ठेवून द्यायचा असेल तर मात्र खळ देऊ नये, खळीवर कसर लागते.

कापडाचे थोडक्यात सांगते, शिवण बहुतेकींना येते. साधे, एकरंगी, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. डाळिंबी, गडद हिरवे किंवा निळे. खणाचे कापड मला फार आवडते, पण त्यावर जाळी उठत नाही, नक्षीवर नक्षी जाते. कापड आधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्याला ते आटेल आणि मधली जाळी फुगून राहील. १६ इंची उशीला पुढचा भाग १७ इंच चौरस, मागचे दोन भाग प्रत्येकी १७ गुणिले १२ इंच. मागच्या भागांच्या मधल्या कडा इंचभर दुमडून शिवाव्या आणि त्या एकमेकींवर चढवाव्या, म्हणजे पाकिटासारखे तोंड होते. बटण नको, चेन नको. जाळी मात्र अभ्रा शिवण्याच्या आधी पुढच्या भागावर हातानेच हेम घालून बसवावी, मशीनखाली ती ओढली जाते.

आणि झाल्यावर तो घालावा. वापरावा. आपल्याकडे रुखवतात मांडलेले क्रोशाचे टेबलक्लॉथ आणि तोरणे तशीच ट्रंकेत जातात व घडीवर पिवळी पडतात. मुलीच्या मुलीला ती दाखवायची आणि पुन्हा घडी घालायची. मला हे पटत नाही. पाहुण्याने पाठ टेकावी, नातवाने त्यावर डोके ठेवावे, म्हणूनच मी मजबूत दोऱ्याचा एवढा आग्रह धरला.

आता किमतीचे. गेल्या दिवाळीत आपल्या टेबलावर असाच एक अभ्रा होता. एक गिऱ्हाईक बाई आल्या, त्यांनी उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मशीनवर होते की हे. दीडशेला द्या." त्या बाईंचा मला राग नाही, त्यांना ठाऊक नव्हते. परंतु आपल्यापैकीच काही जणी म्हणाल्या की देऊन टाका, नाहीतरी रिकामपणचाच उद्योग आहे. तो शब्द मला लागला.

पहिली गोष्ट, हे मशीनवर होत नाही. स्वेटर मशीनवर होतो, लेस मशीनवर होते, क्रोशासारखे दिसणारे कापडही होते. पण आकड्याने फासातून फास काढून केलेले हे खरे क्रोशाचे काम करणारे यंत्र प्रयोगाच्या पलीकडे गेलेले नाही. म्हणून दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू जितकी स्वस्त दिसेल, तितके कोणातरी बाईच्या हातात कमी पैसे पडले आहेत एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सराईत हाताला एका ओळीस दहा मिनिटे धरा. २१ ओळींचे साडेतीन तास. कडेची फेरी, धुणे, ताणणे, शिवणे मिळून अडीच तास. झाले सहा तास. कापड आणि दोरा मिळून १२० रुपये धरले व अभ्रा दीडशेला दिला, तर उरले ३० रुपये. सहा तासांना तीस, म्हणजे तासाला पाच रुपये. भांडी घासणाऱ्या मावशींना कोणी तासाला पाच रुपये देऊ लागले तर त्या भांडे तेथेच ठेवून निघून जातील, आणि बरोबरच करतील. तासाला पन्नास धरले तरी त्या अभ्र्याची किंमत ४२० रुपये होते.

तुम्ही म्हणाल, आपण काही पोटासाठी विणत नाही. आपण नाही, परंतु विणणाऱ्या आहेत. आपल्याच पेठेत एक बाई आहेत, नाव घेत नाही, त्यांच्या दोन मुलांची फी क्रोशावर भरली जाते. व्यापारी त्यांच्याकडून नगावर काम करून घेतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने त्यांना ऐकवले की मंडळातल्या बायका दीडशेत सबंध अभ्रा देतात, तुम्ही कसल्या मजुरी वाढवून मागता? आपण हौसेने कमी घेतलेले पैसे त्या बाईंच्या ताटातून गेले. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांचा हात विणीतच होता, वर पाहिलेसुद्धा नाही.

ही गोष्ट आपल्या गावापुरती नाही. क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक सडून भयंकर दुष्काळ पडला तेव्हा तेथील बायकांनी क्रोशाच्या लेसवर घरे जगवली. आपल्या देशात आंध्रातील नरसापूर या गावाच्या आसपास हे काम मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात शिकवले, ते आजही तेथे घरोघर चालते. तेथील क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या बायकांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली एक पुस्तक लिहिले आहे. माझ्या पुतणीने ते कॉलेजात वाचले व मला समजावून सांगितले. माल परदेशी जात होता, व्यापारी गबर होत होते, आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या बायकांना कामकरी म्हणून कोणी मोजतच नव्हते. का? तर त्या गृहिणी, घरी बसून फावल्या वेळात विणतात. तोच शब्द पाहा, रिकामपणचा उद्योग.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या टेबलावर जी वस्तू येईल तिच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर तासही लिहावे. "सहा तास, ४२० रुपये." गिऱ्हाइकाला वाद घालायचा असेल तर त्याने तासांशी घालावा. भाऊबीजेला द्या, डोहाळजेवणाला द्या, शेजारणीला फुकट द्या, मनाला येईल तसे द्या. पण विकायचे तर स्वस्त विकू नका. खपणार नाही, असे कोषाध्यक्षबाईंचे म्हणणे आहे आणि त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे. वीस अभ्रे खपणार नाहीत हे मलाही दिसते. मग पाच ठेवू, आणि बाकीच्या जणी नुसता विणलेला, न शिवलेला तुकडा ठेवतील, तो कमी तासांचा म्हणून कमी किमतीचा होईल. याचा निर्णय पुढच्या सभेत व्हावा, अशी माझी विनंती आहे.

शिकू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. सुई, दोरा आणि कात्री घेऊन यावे, चष्मा असेल तर तोही. पणतीचा चौकडीचा कागद कार्यवाहबाईंकडे ठेवला आहे, तो ज्याने त्याने आपल्या वहीत उतरवून घ्यावा. डावखुऱ्या भगिनींनी माझ्या शेजारी न बसता समोर बसावे, आरशात पाहिल्यासारखे हात बरोबर जुळतात.